सेवा आणि विसावा



रुग्णसेवेला आपल्या समाजाने व्रताचा मान दिला आहे. परंतु हे व्रत घेणाऱ्यालाही झोपेची गरज असते आणि घरी त्याचीही कोणी वाट पाहत असते, याचा मात्र विसर पडतो. अहोरात्र राबतो तोच खरा सेवाभावी, ही समजूत रुग्णाच्याच जिवावर बेतू शकते.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झालेली १८ वर्षांची तरुणी काही तासांतच मरण पावली. त्या प्रकरणातून शिकाऊ डॉक्टरांच्या प्रदीर्घ पाळ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १९८९ मध्ये त्या राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. पुढे बोस्टन येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २४ तासांहून लांबणाऱ्या पाळ्यांत शिकाऊ डॉक्टरांच्या गंभीर चुका आखूड पाळ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक आढळल्या. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

परिचारिकांचे दुखणे निराळे नाही. पेनसिल्व्हेनियातील शस्त्रक्रियेच्या रुग्णांविषयीच्या २००२ च्या अभ्यासात, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूचा संभव ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला.

तथापि केवळ तास घटवून भागत नाही. पाळ्या आखूड झाल्या की रुग्ण अधिक हातांतून जातो आणि एखादी महत्त्वाची गोष्ट सांगावयाची राहून जाते. अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत, पाळी बदलताना ठराविक क्रमाने माहिती सोपविण्याची शिस्त लावली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात १९९२ च्या केंद्रीय निर्देशानुसार निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे. असे असूनही २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली. कागदावरील नियम आणि वॉर्डातील वास्तव यांमधील अंतर यावरून ध्यानी यावे.

हे अंतर मनुष्यबळाविना मिटणार नाही. रुग्णालयास यंत्र दिले की दात्याच्या नावाची पाटी लागते. रात्रपाळीस आणखी एक परिचारिका नेमण्याचा खर्च उचलला, तर त्यावर पाटी लावता येत नाही. दानशूरांनी अशा पाटीविना दानाचाही विचार करावा. पाळी संपवून घरी निघालेल्या डॉक्टरला रुग्णाच्या नातलगांनीही निर्दय म्हणू नये. त्याचा विसावा हा उद्याच्या रुग्णाच्या उपचाराचाच भाग होय.