लाटेची वाट

वेस्टर्न सिनेमा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धूळ, घोडे आणि कमरेची पिस्तुलं येतात. समुद्र काही येत नाही. ‘वन आइड जॅक्स’मध्ये मात्र तो आहे. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या किनाऱ्यावर फुटणारा पॅसिफिक. या समुद्रानं पॅरामाउंट स्टुडिओच्या तोंडचं पाणी पळवलं.

मार्लन ब्रँडोनं दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. दिग्दर्शक म्हणून आधी ठरला होता स्टॅनली कुब्रिक. दोघांचं जमेना. १९५८ साली चित्रीकरण तोंडावर आलं असताना कुब्रिक बाहेर पडला आणि नायकाची भूमिका करणाऱ्या ब्रँडोनं सूत्रंही हाती घेतली. गोष्ट दगाबाजीची: दोन दरोडेखोर दोस्त, एक दुसऱ्याला सोडून पळतो आणि पुढे प्रतिष्ठित शेरीफ होतो, दुसरा पाच वर्षं तुरुंगात.

त्या डिसेंबरात काम सुरू झालं. मनासारखी लाट येईपर्यंत ब्रँडो किनाऱ्यावर बसून राही आणि सगळा पगारी ताफाही बसून. हे मला कळतं. एका शब्दासाठी मीही आठ-आठ दिवस थांबलो आहे. पण त्या थांबण्याचा खर्च फार तर चहाचा! इथे सुमारे अठरा लाख डॉलरचा अंदाज साठ लाखांच्या घरात गेला. दहा लाख फुटांच्या आसपास फिल्म खर्ची पडली.

पहिली जुळणी झाली ती साडेचार तासांहून लांब. आणि इथे ब्रँडो कंटाळला. लाटेसाठी तासन्‌तास बसणारा माणूस संकलनाच्या टेबलाशी टिकला नाही. स्टुडिओनं सिनेमा ताब्यात घेऊन दोन तास एकवीस मिनिटांवर आणला. शेवटही बदलला. ब्रँडोच्या शेवटात नायिका गोळी लागून मरत होती; स्टुडिओनं तिला जगवलं. १९६१ मध्ये चित्रपट लागला तेव्हा ब्रँडोची तक्रार होती, की आपली करड्या रंगाची माणसं काळी-पांढरी करून टाकली.

तक्रार खरी आहे. पण खोडणं हासुद्धा लिहिण्याचाच भाग असतो, आणि तो त्यानं दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिला. माझी सहानुभूती तिथे थोडी आटते.

२०१६ मध्ये या चित्रपटाची नवी, स्वच्छ केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. ती स्टुडिओनं कापलेल्या आवृत्तीचीच. लाटा मात्र तिच्यात आहेत, आणि त्या फार सुंदर आहेत.