दुखत नाही म्हणून थांबू नका
(बोरगाव मेघे येथे बचत गटांच्या महिलांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बचतीचं नाही, जबड्याचं बोलायचं आहे. सुरुवात माझ्याच घरातून करते.

माझ्या जावेची खालची मागची दाढ हलायला लागली. किडलेली नव्हती, तरी हलत होती. एका ठिकाणी जाऊन तिनं ती काढून घेतली. एक्स-रे काही काढला नाही. जखम भरली, पण गाल थोडा फुगलेलाच राहिला. मी म्हटलं, दवाखान्यात दाखव. ती म्हणाली, "दुखत नाही तं काहून जाऊ?" मलाही ते पटलं. मीच म्हटलं, बरं, सोयाबीन निघू दे, मग जाऊ. सोयाबीन निघालं, कापूस वेचून झाला, दुसरा हंगामही गेला. तोवर चेहरा एका बाजूनं वाकडा दिसायला लागला होता.

शेवटी दंत महाविद्यालयात नेलं. तिथं पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे काढला, त्याला ओपीजी म्हणतात. हाड आतून साबणाच्या फेसासारखं पोकळ झालं होतं. मग सीटी स्कॅन केला आणि गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. तुकडा काढला की गाठ पसरते, असं आपल्यात म्हणतात. ते खरं नाही. गाठ कोणती, हे तुकडा तपासल्याशिवाय पक्कं कळत नाही, आणि उपचार त्यावरच ठरतो.

अहवालात आलं, अमेलोब्लास्टोमा. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. दाताचं कवच तयार करणाऱ्या पेशींपासून झालेली गाठ. हा कॅन्सर नाही. पण साधी गाठ म्हणजे निरुपद्रवी गाठ असं समजू नका. ती हळूहळू वाढते, बहुतेक वेळा खालच्या जबड्यात मागच्या बाजूला. दुखत नाही आणि आतून हाड पोखरत जाते. नुसती खरवडून काढली तर पुष्कळदा परत येते. म्हणून गाठीभोवतीचं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चांगलं हाडही काढावं लागतं. जावेच्या जबड्याचा तुकडा काढून पट्टी बसवली. काहींना पोटरीतलं बारीक हाड घेऊन नवा जबडा करतात. आम्ही लवकर गेलो असतो तर कमी हाड गेलं असतं. हे माझ्या मनाला लागून आहे, म्हणूनच आज तुमच्यापुढे उभी आहे.

सगळ्याच गाठी एवढ्या हट्टी नसतात. न उगवलेल्या दाताभोवती पाण्याची पिशवी होते, ती काढली की बहुतेकदा भागतं. लहान मुलांत दातासारख्या बारीक तुकड्यांची गाठ होते आणि तिच्यामुळं खरा दात अडकतो. ती काढल्यावर सहसा परत येत नाही.

आणखी एक. खर्रा खाणाऱ्यालाच तोंडाचा आजार होतो, असं आपण समजतो. खर्‍यानं कॅन्सर होतो हे खरंच आहे, तो सोडाच. पण या गाठी खर्‍यानं होत नाहीत. जावेनं आयुष्यात खर्रा खाल्ला नाही.

आता घरी गेल्यावर आरशापुढे उभ्या राहा. दोन्ही गाल सारखे दिसतात का? जबड्याच्या कडेनं बोट फिरवा, एका बाजूला हाड फुगलेलं लागतं का? न किडलेला दात हलतो का? कवळी आधी नीट बसायची, आता बसत नाही का? मुलाचा दुधाचा दात पडून बरेच महिने झाले, तरी पक्का आला नाही का? यातलं काही असेल तर दाखवा. ओठ बधिर झाला, गाठ झपाट्यानं वाढली किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर एक दिवसही थांबू नका. शेक, हळद-चुना यात वेळ घालवू नका.

जायचं कुठं? आपल्याजवळच सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय आहे. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपलं, असंही नाही. ही गाठ पाच-दहा वर्षांनीसुद्धा परत येऊ शकते. डॉक्टर बोलावतील त्या तारखेला जायचंच. जावेची तारीख मी आमच्या गटाच्या वहीत लिहून ठेवते.

तायांनो, दर महिन्याच्या बैठकीत हप्ता विचारतो, तसं एकमेकींच्या तोंडाकडेही बघा. कुणाचा गाल फुगलेला दिसला तर तिला एकटीला पाठवू नका. एकीनं सोबत जा. गाडीभाडं नसेल तर गटातून द्या. पीक निघायची वाट बघू नका.