टाळेबंदीचा राग आणि मावशींची आजारी रजा



वृद्धांच्या शुश्रूषेत आयुष्य घालवणारे डॉक्टर, परिचारिका, मावशी, मामा आणि वृद्धाश्रमचालक यांच्या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती आज बाजूला ठेवतो आणि एकाच शहराच्या एका वर्षाबद्दल बोलतो. शहर ऑस्ट्रेलियातले मेलबर्न, वर्ष २०२०. मेलबर्न निवडण्याचे कारण असे की जगातल्या सर्वांत लांबलेल्या टाळेबंद्यांपैकी एक तिथे झाली, आणि त्याच काळात तिथल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहांत मृत्यूंची रांग लागली. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टरांचे छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते, म्हणून मी शुश्रूषागृह हा शब्द वापरतो.) या दोन गोष्टींची चर्चा बहुतेक वेळा वेगवेगळी होते. टाळेबंदीवर चिडणाऱ्यांना उतावळे म्हटले जाते आणि शुश्रूषागृहांतले मृत्यू हे विषाणूचे काम मानले जाते. माझे म्हणणे असे आहे की लोकांच्या रागाला न्याय्य आधार होता, आणि तो आधार शुश्रूषागृहांच्या दारातच सापडतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेली ती टाळेबंदी ऑक्टोबरअखेर उठली. एकूण ११२ दिवस. त्यातल्या कडक टप्प्यात घरापासून ५ किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, व्यायामाला दिवसातून एक तास, किराणा आणायला घरटी एकच माणूस, आणि रात्री ८ ते पहाटे ५ संचारबंदी. पुढच्या वर्षी पुन्हा टाळेबंद्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२१ पर्यंत सगळ्या मिळून २६२ दिवस भरले. हे सारे बहुसंख्य लोकांनी पाळले, हे विसरू नये. आपल्या आई-वडिलांच्या पिढीला वाचवायचे आहे, असे त्यांना सांगितले गेले आणि त्यांनी ते मानले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात कोविडने सुमारे ९०० माणसे गेली. त्यांतली जवळपास चारपैकी तीन सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शुश्रूषागृहांतली होती, आणि त्यांतलीही बहुसंख्य मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियातली. ज्यांच्यासाठी शहर बंद ठेवले, तेच गेले. घरात कोंडून घेतलेल्या माणसाला हा आकडा रोज संध्याकाळी ऐकावा लागत होता. त्याला राग येणार नाही तर काय?

आता विषाणू आत कसा गेला ते पाहू. अंथरुणाला खिळलेली आजी बाजारात गेली नव्हती आणि नातेवाइकांना तर दारातच अडवले होते. मग आत-बाहेर करणारे उरले ते कर्मचारी. तिथल्या शुश्रूषेच्या कामात स्थलांतरित स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. भारतातून, नेपाळमधून, फिलिपिन्समधून आलेल्या या बायका कमी पगारावर आणि ठरावीक तासांची हमी नसलेल्या कराराने काम करतात. एका ठिकाणच्या पाळ्यांत घर चालत नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी जातात. घसा धरला तर घरी बसायचे, पण त्या दिवसाचा पगार बुडणार. जुलै २०२० मध्ये राज्याचे प्रमुख डॅनियल अँड्र्यूज यांनी बाधितांच्या तपासणीतून निघालेली गोष्ट जाहीर केली: लक्षणे दिसल्यापासून चाचणी होईपर्यंत दहांतल्या जवळपास नऊ जणांनी स्वतःला वेगळे ठेवले नव्हते. आजारी रजा नसलेली माणसे पगार बुडेल म्हणून कामावर जातात, हेही त्यांनी त्याच वेळी मान्य केले. मेलबर्नच्या फॉकनर भागातल्या सेंट बेसिल्स या शुश्रूषागृहातली पहिली बाधित कर्मचारी ९ जुलैला आढळली. शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांना साथीच्या काळात भरपगारी रजा मिळावी, असा तिथल्या कामगार आयोगाचा निर्णय लागू झाला तो २९ जुलैला. मध्ये वीस दिवस गेले. सेंट बेसिल्समधले ४५ वृद्ध कोविडने दगावले.

त्या शुश्रूषागृहातला एक प्रसंग आपल्यासारख्यांनी जवळून पाहायला हवा. २२ जुलैला नेहमीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना संपर्कात आल्याच्या कारणाने एकदम घरी पाठवले आणि त्यांच्या जागी एजन्सीची, आपल्या भाषेत ब्युरोची, नवी माणसे आणली. कागदावर हे शास्त्रशुद्ध होते. पण ज्याने हे काम केले आहे त्याला त्यातला धोका लगेच कळेल. कोणत्या आजींना पाण्यात पावडर मिसळून ते घट्ट करून द्यावे लागते, नाहीतर ठसका लागून पाणी फुप्फुसात जाते. कोणते आजोबा चमचा ओठाला लावला तरच तोंड उघडतात. कोणाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. स्मृतिभ्रंश झालेल्या कोणाला स्वतःचे नाव सांगता येत नाही. हे फायलीत थोडे असते आणि मावशींच्या डोक्यात फार असते. ते डोके एका दिवसात दाराबाहेर गेले. पुढच्या दिवसांत वृद्धांना वेळेवर अन्नपाणी मिळाले नाही, आणि आपले माणूस जिवंत आहे की नाही हे विचारण्यासाठी घरचे लोक दिवसदिवस फोन लावत राहिले. मनुष्यबळाची पर्यायी व्यवस्था आधी केलेली नसेल तर साथीत असेच होते. आणि इशारा नव्हता असेही नाही. त्याआधी एप्रिल-मे मध्ये सिडनीच्या न्यूमार्च हाउसमध्ये १९ वृद्ध गेले होते. त्याही आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने अंतरिम अहवाल दिला होता. त्याचे शीर्षकच ‘उपेक्षा’ या अर्थाचे होते.

माझ्या मांडणीवर पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बाहेर प्रसार असेल तर तो आत जाणारच, म्हणून बाहेरचा प्रसार थांबवणे हेच वृद्धांचे खरे संरक्षण. हे मला मान्य आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला व्हिक्टोरियात रोजचे रुग्ण ७०० च्या घरात गेले होते. २६ ऑक्टोबरला एकही नवा रुग्ण नव्हता. टाळेबंदीने हे साधले आणि तिने असंख्य जीव वाचवले. माझा मुद्दा तिच्या लांबीबद्दल आहे. त्या ऑगस्टमध्ये हजाराहून अधिक सक्रिय रुग्ण शुश्रूषागृहांशी जोडलेले होते. आग जिथे धुमसत होती तिथले दार उघडे राहिले, म्हणून साऱ्या गावाला अधिक दिवस चूल विझवून बसावे लागले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२० मध्येच एका कर्मचाऱ्याने एकाच शुश्रूषागृहात काम करावे असा आदेश काढला आणि पगारातली तफावत सरकारी पैशाने भरून काढली. पहिल्या लाटेत तिथली शुश्रूषागृहे ओंटारियो आणि क्वेबेकपेक्षा बरीच सावरली. ओंटारियो आणि क्वेबेकमध्ये शुश्रूषागृहांत लष्कर पाठवावे लागले.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: मग टाळेबंदी नकोच होती. स्वीडनने कडक टाळेबंदी केली नाही, आणि तिथल्या शुश्रूषागृहांतही वृद्ध मोठ्या संख्येने गेले. स्वीडनच्याच आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये लिहिले की समाजातला प्रसार हे मुख्य कारण होते, आणि वृद्धसेवेतल्या जुन्या उणिवांमुळे ती व्यवस्था तयारीविना सापडली. मेलबर्न खुले झाल्यावरही, लस आल्यानंतरच्या २०२२ सालात, देशभरातल्या शुश्रूषागृहांतले मृत्यू आधीच्या दोन वर्षांहून अधिक झाले. तेव्हा टाळे लावा किंवा काढा, आतली उणीव आपली किंमत वसूल करतेच. सप्टेंबर २०२१ मध्ये मेलबर्नच्या रस्त्यांवर जी दांडगाई झाली, कामगार संघटनेच्या कचेरीवर जो हल्ला झाला, त्याचे समर्थन मी करत नाही. लसीविरुद्धच्या अफवांचेही नाही. पण न्याय्य रागाला कोणी जबाबदार माणसाने उत्तर दिले नाही की तो अफवा पसरवणाऱ्यांच्या हाती जातो. परदेशातून येणाऱ्यांच्या विलगीकरणाची हॉटेले राज्याच्या ताब्यात, शुश्रूषागृहे केंद्राच्या, आणि दोघांची बोटे एकमेकांकडे. २१ ऑगस्ट २०२० रोजी सिनेटच्या समितीने वृद्धसेवेच्या केंद्रीय मंत्र्यांना शुश्रूषागृहांतल्या मृतांचा आकडा विचारला. त्यांना तो सांगता आला नाही. ते कागद चाळत राहिले. ज्या नागरिकाला आपण घरापासून किती किलोमीटर दूर आहोत हे ठाऊक असणे सक्तीचे होते, त्याने ते दृश्य पाहिले.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात केला जातो: ती माणसे तशीही जाणारच होती. या सभागृहात त्याचे उत्तर लांबवण्याची गरज नाही. शेवटचे वर्षही त्या माणसाचेच असते, आणि तहानेने व्याकूळ होऊन, लेकीचा हात हातात नसताना जाणे हे नैसर्गिक मरण नव्हे. रॉयल कमिशनने १ ऑक्टोबर २०२० च्या विशेष अहवालात एक शिफारस केली, ती मला फार मोलाची वाटते: नातेवाइकांच्या भेटी सुरक्षितपणे घडवून आणता याव्यात म्हणून पुरेसे कर्मचारी ठेवायला सरकारने पैसे द्यावेत. भेटी बंद झाल्या त्यामागे संसर्गाची भीती होतीच. शिवाय पाहुण्याला हात धुवायला लावून, मास्क बांधून खाटेपर्यंत नेणारे माणूस नव्हते. पैसा नव्हता म्हणावे, तर मे २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने वृद्धसेवेसाठी पाच वर्षांत १७.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद केली. चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका हजर असण्याची सक्ती जुलै २०२३ मध्ये आली. हे सारे शक्य होते, फक्त मृत्यूंनंतर झाले.

आपल्याकडे बहुतेक वृद्ध घरीच असतात, हे खरे. पण घरोघरी जाणाऱ्या ब्युरोच्या मावशी आज या घरी तर उद्या त्या घरी असतात, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. आतल्या मनुष्यबळाविषयी आपण फारसे बोलत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात साठाहून अधिक जण एकाच वेळी बाधित झाले होते. पुढची साथ केव्हा येईल ते माझ्या हातात नाही. आपल्या संस्थांच्या वेतनपत्रकावर काय लिहायचे, ते या सभागृहात बसलेल्यांच्या हातात आहे. म्हणून परिषदेच्या ठरावांत एक वाक्य घालावे, अशी माझी विनंती आहे: ताप आला म्हणून घरी थांबलेल्या कर्मचाऱ्याचा पगार आमच्या संस्थेत कापला जाणार नाही.