यंत्राची आठवण आणि माणसाचा वाटा



कामगार चळवळीतल्या माणसांनी संगीतावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात. रागदारीवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु यंत्र आणि माणूस यांचे नाते काय असावे, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. तो एका विलायती तबकडीत आम्हांला स्वच्छ ऐकू आला, म्हणून तिच्याविषयी बोलतो.

तबकडीचे नाव ‘नो पुसीफुटिंग’. मराठीत म्हणायचे तर ‘गुळमुळीतपणा नको’. ती १९७३ साली निघाली. करणारे दोघे : रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो. फ्रिप हे ‘किंग क्रिम्सन’ या वाद्यवृंदातले कसलेले गिटारवादक. ईनो चित्रकलेच्या शाळेत शिकलेले. आपण वादक नव्हे, असे ते स्वतःच सांगत. एकाच्या हाती वाद्य, दुसऱ्याच्या हाती यंत्र, आणि तबकडीवर नावे मात्र दोघांची.

पहिली बाजू १९७२ च्या सप्टेंबरात ईनोंच्या लंडनमधील घरी नोंदली गेली. दोन टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी ठेवले आणि एकच फीत एकावरून दुसऱ्यावर नेली. पहिले यंत्र गिटारीचा सूर नोंदून घेते. काही सेकंदांनी तो सूर दुसऱ्या यंत्रापाशी पोचतो. ते तो वाजवते आणि पुन्हा पहिल्याकडे पाठवते. तेथे जुना सूर नव्या सुराबरोबर परत नोंदला जातो. फीत सेकंदाला साडेसात इंच धावत असेल आणि यंत्रांत तीन फुटांचे अंतर असेल, तर सूर पाच सेकंदांच्या आत परततो. प्रत्येक फेऱ्यात तो थोडा मंद, थोडा बोथट होतो. ही युक्ती अमेरिकेत टेरी रायली आणि पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी आधीच वापरली होती.

असे सुमारे एकवीस मिनिटे चालते. ताल नाही, शब्द नाहीत. तंबोऱ्याच्या आसेची सवय असलेल्या आपल्या कानांना ते फारसे परके वाटत नाही. अशा वातावरणी संगीताला ‘अँबियंट’ हे नाव ईनोंनी पुढे १९७८ साली विमानतळांसाठी केलेल्या तबकडीच्या वेळी दिले.

आता आमचा प्रश्न. एका गिटारीतून दहा गिटारी ऐकू येतात. मग उरलेल्या नऊ वादकांनी काय करावे? हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून व्यापारी ध्वनिमुद्रण बंद पाडले होते. तबकडी एकदा वाजवून घेते आणि वादकाला कायमची घरी बसवते, ही त्यांची तक्रार. मोठ्या कंपन्या १९४४ पर्यंत नमल्या आणि तबकड्यांच्या विक्रीतला वाटा संघटनेच्या निधीला मिळू लागला. त्यातून वादकांना पैसे देऊन लोकांसाठी विनामूल्य मैफली झाल्या. १९८२ साली ब्रिटनमधील वादकसंघाच्या लंडन शाखेत विजेच्या वाद्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला. ती वाद्ये काही थांबली नाहीत. एका ठिकाणी वाटा मागितला, दुसऱ्या ठिकाणी बंदी. टिकले काय, ते आपण पाहतोच.

फ्रिप-ईनोंची तबकडी आम्हांला हेच सांगते. त्या यंत्राजवळ स्वतःचा एकही सूर नाही. फ्रिप थांबले, तर फितीवरचे सूर फिरत फिरत विरून जातील. यंत्र जे परत देते, ते माणसाने अगोदर घातलेले श्रमच होत. आणि ईनोंनी ती फीत मांडली नसती, तर गिटारीचे श्रम साठले नसते. म्हणून दोघांची नावे, दोघांचा वाटा.

आज पूर्वी नोंदलेल्या असंख्य सुरांवर पोसलेली गणकयंत्रे स्वतःच संगीत जुळवू लागली आहेत. तेथे फीत दिसत नाही, आणि सूर कोणाचा हेही दिसत नाही. यंत्र फोडा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण ज्या यंत्राला माणसाचा सूर आठवतो, त्याच्या मालकाला त्या माणसाची मजुरीही आठवली पाहिजे. ही मागणी वादकांची आहे, तशीच ती आपणा सर्वांची आहे; आणि ती करताना गुळमुळीतपणा नको.