तळ्याचा फिल्टर धुताना

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात कालव्याचं पाणी खेळवलेलं आहे. जपानमधल्या ओकायामा शहराच्या कोराकुएन बागेवरून आखलेलं हे दहा एकरांचं उद्यान.

घरच्या तळ्याला असा प्रवाह कुठून मिळणार? तिथे सारी भिस्त पंप आणि फिल्टरवर. फिल्टरमधला स्पंज नुसता गाळ अडवत नाही. त्यावर वाढणारे जिवाणू माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट करतात. तेही घातकच. मग त्याचं बरंच सौम्य नायट्रेट होतं.

म्हणूनच स्पंज चकाचक धुण्याचा उत्साह माशांच्या जिवावर बेतू शकतो! नळाच्या पाण्यातलं क्लोरिन या जिवाणूंना मारतं. त्यामुळे तळ्याचंच पाणी बादलीत घ्यावं आणि त्यात स्पंज हलकेच पिळावा. साबण अजिबात नको. दोन स्पंज असतील, तर एक आज आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी. बादलीतलं गढूळ पाणी झाडांना घालावं. नायट्रेट त्यांचं खतच आहे.

पंपाची धार मंदावली, की सफाईची वेळ झाली. मात्र पंप तासन्‌तास बंद नको, प्राणवायूअभावी जिवाणू मरतात. एप्रिल-मेमध्ये विशेष जपावं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढून ठेवावा.