प्राणवायूचा दुष्काळ आणि कर्करोग

कर्करोगाची गाठ म्हटली म्हणजे शरीराचे अन्न लुबाडून माजलेली पेशींची वसाहत आपल्या मनापुढे उभी राहते. श्रोतेहो, प्रत्यक्षात या वसाहतीचा बराचसा भाग प्राणवायूच्या दुष्काळात जगत असतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

१९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे या दोघा ब्रिटिश संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. जिवंत पेशींचा थर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून जाड त्यांना कोठेच आढळला नाही. त्यापलीकडे सारे मृत! रक्तातून झिरपणारा प्राणवायू वाटेतल्या पेशींतच संपून जातो. या दोन प्रदेशांच्या सीमेवर मात्र काही पेशी श्वास कोंडलेल्या, तरीही जिवंत राहतात, आणि वैद्याला खरी भीती त्यांचीच. क्ष-किरणांनी केलेली इजा कायम करण्यास प्राणवायूची मदत लागते. म्हणून अशा पेशी मारावयास अडीच ते तीन पट मात्रा द्यावी लागते.

प्राणवायू कमी झाला, हे पेशीला कळते तरी कसे? या कोड्याचा उलगडा कर्करोगाच्या अभ्यासातून नव्हे, तर रक्ताच्या अभ्यासातून सुरू झाला. उंच पर्वतावर गेलेल्या माणसाची मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य अधिक स्रवतात आणि तांबड्या पेशी वाढतात. या द्रव्याचे जनुक कोण जागे करते, हे शोधताना अमेरिकेत ग्रेग सेमेन्झा यांना १९९२ साली एक प्रथिन सापडले. त्याचे नाव हिफ.

हिफला आपण जासूद म्हणू. पेशी हा जासूद अखंड धाडीत असते. प्राणवायू भरपूर असला की त्याच्या साहाय्याने एक विकर या जासुदाच्या कपाळी टिळा लावते. व्हीएचएल नावाचा पहारेकरी ती खूण ओळखून त्याला नाशाच्या वाटेला लावतो. हा खेळ अवघ्या काही मिनिटांचा. घडवायचे आणि लगेच मोडायचे, ही उधळपट्टीच वाटते. पण संकटात नवा जासूद घडवीत बसण्याचा वेळ तिच्यामुळेच वाचतो. प्राणवायू आटला की टिळा लागत नाही; जासूद केंद्रकात शिरतो, तेथे जोडीदार गाठतो आणि शेकडो जनुकांना हुकूम सोडतो: नव्या रक्तवाहिन्या बोलवा, साखर अधिक ओढा, प्राणवायूवाचून निर्वाह करा. निरोगी शरीराची ही आपद्धर्माची व्यवस्था कर्करोगाची गाठ सर्रास वापरते.

काही कुटुंबांत तर पहारेकऱ्याचे जनुकच जन्मतः सदोष असते. त्याची उरलेली निर्दोष प्रतही एखाद्या पेशीत नष्ट झाली की, प्राणवायू मुबलक असूनही त्या पेशीला दुष्काळाचाच भास होतो; मूत्रपिंडात, मेंदूत रक्तवाहिन्यांनी गजबजलेल्या गाठी उद्भवतात. अमेरिकेतील विल्यम केलिन यांनी या व्याधीच्या बाजूने, तर ऑक्सफर्डच्या पीटर रॅटक्लिफ यांनी मूत्रपिंडाच्या बाजूने हेच कोडे सोडवीत आणले. सेमेन्झा यांच्यासह या दोघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिफच्याच एका भावंडाला अडविणारे बेल्झुटिफान हे औषध २०२१ साली अमेरिकेत या आनुवंशिक व्याधीतील गाठींसाठी मान्य झाले. ते घेणाऱ्या रुग्णांना बहुधा पांडुरोगाचा त्रास होतो. कारण उघड आहे: एरिथ्रोपोएटिनचे जनुक जागे करणाराही तोच जासूद!