चाळिसाव्यानंतर कोण येतं?

(बोईसर इथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मौलाना नाही, मानसोपचारतज्ज्ञही नाही. आज सांगणार आहे ते घरात शिकलेलं आहे.

अब्बा तारापूर एमआयडीसीत कामाला होते. हार्ट अटॅकने गेले, तेव्हा मोहल्ल्याने आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही. गुसल, कफन, कबर, तीन दिवसांचं जेवण, सगळं न सांगता झालं. मय्यतीचं काम आपल्याला उत्तम येतं.

चाळिसावा झाला आणि दार वाजायचं थांबलं. अम्मी इद्दतीत, चार महिने दहा दिवस. मी पुन्हा सकाळची लोकल पकडायला लागलो. फोनवर जो तो म्हणायचा, "सब्र करा." तिला त्रास नको म्हणून अब्बांचं नावसुद्धा कुणी काढायचं नाही.

येत राहिली ती एकच बाई. आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी देणारी मांगेला समाजातली मावशी. तिचाही नवरा गेलेला. दर बुधवारी बाजार उरकला की पाटी बाहेर ठेवून बसायची आणि विचारायची, "भाईंना बोंबील कसे आवडायचे गं?" अम्मी सांगता सांगता रडायची, मग हसायची, मग दोन घास जेवायची.

मी काय केलं? ॲप बनवलं. ज्याच्या घरी दुःख आहे त्याने नाव नोंदवायचं, मग कार्यकर्ता फोन करणार. दोन महिन्यांत एकही नोंद आली नाही. ज्याला उठून पाणी प्यायचंही बळ नाही, तो फॉर्म भरेल असं मी धरून चाललो होतो. जायला आपणच हवं.

हे आपल्या परंपरेत नवं नाही. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरी जेवण पाठवायला पैगंबरांनी सांगितलं. मुलगा इब्राहिम गेला तेव्हा ते स्वतः रडले. सब्र म्हणजे अश्रू कोंडणं असा अर्थ आपण कुठून काढला?

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २००० च्या सुमारास शेजाऱ्यांनीच पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या सेवेचं जाळं उभं केलं. साधी माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघरी जातात, पाठीशी डॉक्टर-नर्स असतात, खर्चाला लोकांच्या छोट्या देणग्या. शोकात असलेल्या घरांसाठी आपल्याला तसंच करता येईल.

आपली गरज मोठी आहे. ११ जानेवारी २०२० ला तारापूर एमआयडीसी परिसरात स्फोट होऊन ८ जण गेले. अशा बातमीत आकडा येतो. पण गेलेल्याचं कुटुंब यूपी-बिहारमध्ये असतं आणि इथे त्याच्या खोलीत राहणारा सोबती दुसऱ्या दिवशी पाळीवर जातो. ताजियतीला त्याच्याकडे कोण जातं?

म्हणून योजना अशी. प्रत्येक मोहल्ल्यात चार माणसं, त्यांत दोन स्त्रिया. एक वही. वहीत तारीख, घर आणि भेटीला जाणाऱ्याचं नाव. भेटी ठरलेल्या: चौथ्या दिवशी, चाळिसाव्यानंतरच्या आठवड्यात, इद्दत संपताना, पहिल्या ईदला आणि वर्षाने. एका घरी शक्यतो तीच माणसं. बोईसर, तारापूर, चिंचणी, पालघर, डहाणू इथल्या गटांनी महिन्यातून एकदा वह्या घेऊन एकत्र बसायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: कोणतं घर राहिलं? कुणी घर बदललं, तर पुढची भेट तिथल्या गटाकडे सोपवायची.

तिथे जाऊन कमी बोला. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. वारसाहक्काच्या चौकश्या नकोत. ऐकलेलं बाहेर सांगू नका. कागदपत्रांना मदत करा: मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि ईएसआयचा कामगार कामावरच्या अपघातात गेला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना दरमहा लाभ मिळतो. कुणी "आता जगून काय करू" म्हणालं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासातल्या माणसाला बोलवा आणि १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा. ही सरकारची मोफत सेवा आहे.

वहीत धर्माचा रकाना ठेवलेला नाही. कंत्राटी कामावर गेलेला वारली मुलगा असो की बिहारचा कामगार, गल्ली आपली तर घर आपलं. आमच्या घरी कोण आलं होतं, ते मी सांगितलंच.

पहिली भेट पुढच्या बुधवारी आहे. अम्मी जाणार आहे, सोबत मावशी. तुम्ही निघण्याआधी वहीत एक नाव लिहा: गेल्या वर्षभरात तुमच्या गल्लीत ज्याचं माणूस गेलं, त्याचं. आणि त्यापुढे, तुम्ही कोणत्या दिवशी जाणार, तो वार.